अमरावतीचं कडू चॉकलेट आणि अकोल्याचा मे महिना

तीन उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे वाचताना कोणाला मध्येच हात वर करावा लागणार नाही. हो, मी अमरावतीत चॉकलेट बनवते. हो, इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे मला माहीत आहे. मी इथेच राहते. आणि नाही, मी ते गोड करणार नाही.

गेल्या अकरा वर्षांत हे तीन प्रश्न इतक्यांदा विचारले गेले की मध्यंतरी मी ही उत्तरं छापून काउंटरवर चिकटवली होती. नवरा म्हणाला, "गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?" म्हणून कागद काढला. उत्तरं बदलली नाहीत.

त्याआधी मी अकोल्यात एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे काय शिकले ते एका वाक्यात सांगता येतं: प्रत्येक घाण्यातला नमुना बाजूला ठेवा, त्यावर तारीख घाला, आणि कोणी भांडायला आलं की आवाज चढवण्याआधी नमुना काढा. ही सवय चॉकलेटमध्येही आणली. माझ्याकडे प्रत्येक घाण्याचे दोन डबे कपाटात असतात आणि प्रत्येक कामाची यादी वहीत असते. लोक हसतात. हसू देत.

आता धंदा काय आहे ते सांगते. कोकोच्या बिया आंध्रातल्या नारळाच्या बागांमधून येतात. फळ फोडल्यावर बिया गरासकट पेटीत आंबवतात, मग वाळवतात. हे आंबवणं बिघडलं तर पुढे कोणीही काही करू शकत नाही. पोती आली की मंदा आणि मी बिया निवडतो, भाजतो, फोडतो. टरफलं मंदा सुपाने पाखडते. त्यासाठी यंत्र मिळतं, मी ते आणून पाहिलं आणि परत पाठवलं, कारण मंदाच्या सुपातून जास्त स्वच्छ निघतं. मग दगडी चाकांच्या यंत्रात अडीच-तीन दिवस रगडायचं. त्यात साखर पडते ती शंभरात तीस भाग. बाकी सत्तर भाग कोको. दूध नाही, सुगंध नाही, आणि कोकोची स्वतःची चरबी सोडली तर दुसरं तूप-तेल नाही. शेवटी ते ठरावीक अंशांपर्यंत तापवून, निववून, पुन्हा किंचित तापवून साच्यात ओतायचं. हे जमलं तर वडी चकाकते आणि मोडताना 'कट्' असा आवाज करते. नाही जमलं तर वडी मऊ पडते आणि सगळं पुन्हा वितळवावं लागतं. पहिल्या वर्षी मी ते इतक्या वेळा वितळवलं की मोजणं सोडलं. माझ्यासारख्या बाईने मोजणं सोडलं, यावरून काय ते समजा.

मंदा माळ्याची. घरी मळा आहे, सासू आणि दीर भाजीबाजारात बसतात. न चिरता वांग्यातली कीड ओळखणारी ही बाई नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आली तेव्हा केसांत मोगऱ्याचा गजरा होता. मी सांगितलं, गजरा चालणार नाही. कोकोची चरबी शेजारचा प्रत्येक वास ओढून घेते. कांदा, उदबत्ती, फिनाईल, मोगरा, काहीही. मंदा दोन दिवस रुसली. "घरचा मोगरा हाये ताई, विकतचा नाई," असंही सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून ती गजरा दाराबाहेरच्या खिळ्याला टांगून आत येऊ लागली.

खरं अवघड काम बनवण्याचं नाही, खायला शिकवण्याचं आहे. दर शनिवारी चार वाजता मी लोकांना बसवते. कृती साधी आहे. आधी पाणी प्या. वडीचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा मोडा. हुंगा. जिभेवर ठेवा. चावू नका. तो आपोआप विरघळेपर्यंत गप्प बसा. पहिल्यांदा कडू लागेल, घाबरू नका. मग त्यामागून हळूहळू एकेक चव येते: कधी मनुका, कधी भाजका शेंगदाणा, कधी संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. तुकडा संपल्यावरही घशात जे उरतं, ते लक्षात ठेवा.

यातली "गप्प बसा" ही पायरी वऱ्हाडात सगळ्यात कठीण. त्याहून कठीण तुकड्याचा आकार. आपल्याकडे पाहुण्याला एवढासा तुकडा देणं म्हणजे अपमान. एक बाई तर ताटलीकडे पाहून म्हणाल्या, "हे काय वं, परसाद देऊन राहिली काय?" त्यांना मी पुढच्या शनिवारीही तेवढाच दिला. आता त्या मैत्रिणींना घेऊन येतात आणि दारातच सांगतात, "इथं आग्रह नाई होत बरं."

मूर्तिजापूरचे एक निवृत्त हेडमास्तर महिन्यातून एकदा येतात. घड्याळ काढून समोर ठेवतात आणि एक तुकडा किती वेळ टिकला ते मला सांगतात. त्यांना चवीबद्दल विचारलं की म्हणतात, "ते आपलं खासगी आहे." आणि मेळघाटातल्या धारणीकडचा एक जीपवाला. तो खरं तर सवारी सोडायला आला होता, बाहेर उभा होता, मी आत बोलावलं. तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटून म्हणाला, "सुकलेल्या मोहफुलावानी लागते." तिथे जमलेल्या चार सुशिक्षितांनी त्याच्याकडे हसून पाहिलं. मी त्यांना सांगितलं, आज या खोलीत बरोबर बोललेला हा एकटाच माणूस आहे. त्या घाण्यात आंबवण्याचा गोडसर वास खरोखरच पुढे होता. चव ही कोणाच्या बापाची नाही. तिला डिग्री लागत नाही, वेळ लागतो.

एक गैरसमज मात्र अजून पुरता गेलेला नाही. आपल्याकडे जे चॉकलेट वितळत नाही ते चांगलं समजतात. उन्हातून आणलं तरी जसंच्या तसं, म्हणजे माल पक्का! माझं वितळतं, म्हणजे भेसळ. अशा गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही. त्याच्या एका तळहातावर माझा तुकडा ठेवते, दुसऱ्यावर वनस्पती तुपात बनवलेला बाजारचा. थोड्या वेळात माझा तळहाताच्या उबेने वितळू लागतो. दुसरा मेणासारखा बसून राहतो. मग विचारते, "जे तुमच्या हातावर वितळत नाही, ते जिभेवर काय करणार?"

तर असं माझं तळहाताचं शास्त्र चालू होतं, आणि ते मला फार पक्कं वाटत होतं. तेव्हा नेहाच्या लग्नाची ऑर्डर आली.

नेहा अमरावतीला शिकायला होती, शनिवारी यायची. वडील वसंतराव. शेती हिवरखेडला, घर अकोल्याला. लग्न मे महिन्यात अकोल्यालाच. मुलाकडच्या मंडळींना पेढ्यांऐवजी माझं चॉकलेट द्यायचं, हा हट्ट तिचा. वसंतराव स्वतः आले, एक तुकडा खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "पोरीची हौस हाये, द्या."

मी यादी केली. लग्नाच्या तीन दिवस आधी, पहाटे, बर्फाच्या पेट्यांत घालून, गाडीने माल अकोल्याला पोहोचवला. डब्याच्या मागे पाच सूचना छापलेल्या होत्याच. वहीत सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण झाली. मी निर्धास्त.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी वसंतरावांचा फोन.

"ताई, तुमी माही इज्जत घेतली."

मुलाकडच्यांनी घरी जाऊन डबे उघडले तर वड्यांवर पांढरं. कोणीतरी फोटो काढून त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: 'पोरीच्या बापानं बुरशी लागलेला माल देल्ला.' खाली हसण्याची चित्रं, टोमणे. नेहा सासरी जाऊन दोन दिवस झाले होते. वसंतराव म्हणाले, "व्याही माह्याशी बोलून नाई राहिले. पोरीले तिथं काय काय आयकू येत असन, सांगा."

मी फोटो मोठा करून पाहिला. पांढरं तर होतं. पण चॉकलेटवर पांढरं तीन कारणांनी येतं. उष्णतेने आतली चरबी वर आली तर तेलकट पट्टे येतात, बोट फिरवलं की जातात. ओल लागली तर साखर पाझरून वर येते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. तिसरी बुरशी, जी इतक्या कोरड्या पदार्थावर पाच-सहा दिवसांत येत नाही. पहिल्या दोन्हींनी चॉकलेट दिसायला बिघडतं, खायला धोका नसतो. पण फोटोवरून यातलं कोणतं हे सांगता येईना.

नवरा म्हणाला, "नवीन डबे पाठव, माफी माग, विषय संपव." धाकटी बहीणही तेच म्हणाली. व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. पण डबे बदलून दिले की बुरशी कबूल केली, असाच त्याचा अर्थ. मग ती माझ्या नावाला चिकटली आणि त्या पोरीच्या माहेरालाही चिकटली. ती कायमची.

मंदा बिया निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बुरशी नाई तं बुरशी काहून म्हनाची?"

मी यादी केली. त्याच घाण्यातले राखून ठेवलेले दोन डबे, बर्फाची पेटी, भिंग, ड्रॉपर, पांढरी बशी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मंदा आणि मी अकोल्याला गेलो. नेहाच्या सासऱ्यांना आधी फोन केला होता. ते म्हणाले, "या. पाहुनचार करू. पन चॉकलेट नका आनू."

बाबाराव त्यांचं नाव. घर अकोल्यातच, शेती आणि खता-बियाण्यांचं दुकान. बैठकीत पाच-सहा नातेवाईक, कोपऱ्यात मान खाली घालून वसंतराव, स्वयंपाकघराच्या दारात नेहा. खिडकीतला कूलर धडधडत होता, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलत होते. किंवा एरवीही बोलत असतील.

"घ्या, चॉकलेटवाल्या बाई आल्या," बाबाराव म्हणाले. "आता बुरशी किती पौष्टिक असते ते सांगतीन."

मी डबा मागितला. बोट फिरवलं. थर गेला नाही, खरखरीत लागला. बशीत वडी ठेवून ड्रॉपरने त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंबाखालचं पांढरं गेलं. काळीभोर गोल खूण उरली. भिंग बाबारावांच्या हातात दिलं. "बुरशी पाण्यात विरघळत नाही. साखर विरघळते. ही साखर आहे."

"पान्यात दवाई असन."

मी उरलेलं पाणी जिभेवर सोडून पिऊन टाकलं. मग तीच पांढरी वडी मोडून एक तुकडा तोंडात टाकला. मंदानेही टाकला.

"गवळीन आपल्या दह्याले आंबट म्हन्ते काय?" बाबाराव म्हणाले. सगळे हसले.

तेवढ्यात दारातून नेहा सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, चॉकलेट द्या असं मीच सांगतलं होतं. बाबाचं तं मन पेढ्याचंच होतं. बोलाचं असन तं मले बोला."

हसणं थांबलं. लग्नाला आठवडाही न झालेल्या सुनेने बैठकीत तोंड उघडलं होतं. वसंतरावांनी डोळे मिटले. आपण इथे आलो ते चुकलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं. मी जिंकले किंवा हरले तरी संध्याकाळच्या गाडीने घरी जाणार होते. तिला तिथेच राहायचं होतं.

म्हणून मी बाबारावांनाच म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मंदावरही नको. तुम्ही खा आणि तुमची जीभ काय सांगते ते सगळ्यांना सांगा. बुरशी वाटली तर मी ग्रुपवर माझ्या नावाने तसं लिहीन. पण खायचं माझ्या पद्धतीने."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. तुकडा घेतला आणि दाढेखाली नेला.

"चावू नका."

त्या घरात त्यांना कोणी असं सांगत नसावं. पण तुकडा जिभेवर परत आला.

"बोलूही नका."

कूलरची धडधड तेवढी चालू होती. बाबाराव माझ्याकडे रागाने पाहत होते. मग छताकडे पाहू लागले. मग कुठेच नाही. "कडू," ते म्हणाले. मी बोट ओठांवर ठेवलं. आणखी थोडा वेळ गेला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्यांनी मान हळूच वळवली, खिडकीकडे.

"याले कूलरचा वास येऊन राहिला."

"काय?"

"वाळ्याचा हो. कूलरमंदल्या ओल्या वाळ्याचा."

मी लगेच माझ्या पेटीतला, कपाटात राखलेला तुकडा दिला. पुन्हा तीच शांतता. "याले नाई येत," ते म्हणाले. मग कोपऱ्याकडे वळले. "व्याहीबुवा, डबे कुठं ठेवले व्हते तुमी?"

वसंतराव चाचरले. "थंड जागी."

"म्हंजे कुठं?"

"कूलरम्होरं. बायांनी सारे डबे उघडले, आतून हळद-कुंकवाचं बोट लावलं आनि वाळाले म्हनून तसेच उघडे ठेवले. दोन दिवस." मग एकदम माझ्याकडे पाहून, "डब्यावर तुमीच तं लिहिलं हाये ताई. थंड आनि कोरड्या जागी ठेवा. आता मे महिन्यात आमच्या घरी थंड जागा म्हंजे कूलरम्होरचीच. दुसरी कोनती?"

मी डबा उलटा केला. सूचना क्रमांक चार: थंड व कोरड्या जागी ठेवावे.

हे वाक्य मी सुरुवातीच्या वर्षी एका परदेशी वेष्टनावरून जसंच्या तसं उतरवलं होतं. मी जन्मले अकोल्यात. आमच्याकडे उन्हाळ्यात जे थंड असतं ते ओलं असतं: माठ, वाळा, दारावरची भिजवलेली चादर. आणि जे कोरडं असतं ते भाजत असतं. थंड आणि कोरडं या दोन गोष्टी मे महिन्यात इथल्या बहुतेक घरांत एकत्र नांदत नाहीत. हे मला पन्नास वर्षं अंगाने माहीत होतं, आणि तरी मी ते छापलं, दहा वर्षं छापत राहिले, त्यापुढे बरोबरची खूण करत राहिले. लोकांना जिभेकडे लक्ष द्या म्हणून शिकवणारी मी, स्वतःच्या घामाकडे लक्ष दिलं नव्हतं.

मी उभी राहिले आणि बैठकीत सांगितलं, "बुरशी नव्हतीच. चॉकलेटात खोट नाही. वसंतरावांची चूक नाही, नेहाची तर नाहीच. सूचना चुकीची होती आणि ती माझी आहे. नवीन डबे मी देईन, ते या चुकीसाठी. बुरशीसाठी नाही."

बाबारावांनी फोन उचलला. तो तोंडापाशी धरून त्यांनी ग्रुपवर आवाज पाठवला. तो मला शब्दन् शब्द आठवतो.

"मी बाबाराव बोलून राहिलो. ते बुरशी नाई हाये. म्या सोता खाऊन पाह्यलं. कूलरच्या ओलीनं साखर वर आली. ज्यानं फोटो टाकला त्यानं काढून टाका. आनि आमच्या सूनबाईले यावरून कोनी काई म्हनाचं नाई. संपली गोठ."

नेहा दारातून आत गेली. थोड्या वेळाने ताटं आली, आमरस आला, आणि तिने मला वाटीवर वाटी वाढली. नको म्हणायची सोय नव्हती. इथे आग्रह होत होता.

या प्रसंगाने बाबाराव माझे गिऱ्हाईक झाले, असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. पुढे नातवाच्या बारशाला त्यांनी पेढेच वाटले. मलाही डबा आला. चांगले होते. सोबत निरोप होता: 'तुमचं बुरशीचं नाई, पन कडूच हाये.' या धंद्यात मला मिळालेल्या अभिप्रायांत हा सगळ्यात प्रामाणिक.

अमरावतीला परतल्यावर मी सूचना क्रमांक चार खोडली आणि नवीन लिहिली: 'कूलरसमोर ठेवू नये. माठाजवळ ठेवू नये. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. खाण्याआधी डबा न उघडता अर्धा तास बाहेर ठेवावा.' मंदाने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "आता समजन."

वसंतरावांचा फोन आला. "ताई, ते कूलरचं नका लिहू ना. साऱ्या अकोल्याले समजन कोनाच्या घरचं हाये ते."

"तुमचं नाव नाही लिहिलेलं, भाऊ. आणि कूलर साऱ्या अकोल्याकडे आहे."

मग वेष्टनाचं डिझाईन करणाऱ्या पुण्याच्या मुलीचा फोन आला. फार अदबीने बोलली. "मॅडम, एवढ्या चांगल्या डब्यावर कूलर, माठ हे शब्द जरा कसे तरी दिसतात. प्रीमियम वाटत नाही. आपण 'योग्य तापमानात ठेवावे' असं करू या का?"

"तुमच्या घरी कूलर आहे?"

"नाही, मॅडम."

"मग ती ओळ तुमच्यासाठी नाही," मी म्हणाले. "सगळ्यात वर घ्या. अक्षर मोठं करा."